मोहाखालची चादर

होळी होऊन आठवडा झाला होता. मूल तालुक्यातल्या एका गावालगत, राखीव जंगलाच्या काठावर, मोहाच्या झाडाखाली क्रोशाने विणलेली एक मोठी पांढरी चादर अंथरलेली होती. सकाळी, ऊन पडायच्या आत, त्या चादरीवर वाघाने पाय ठेवला. चादरीवर तेव्हा दोघी जणी बसल्या होत्या. एक त्या झाडाची मालकीण, दुसरी माझी थोरली बहीण. वाघ तिथून गेला तेव्हा चादर त्याच्या पंजात अडकलेली होती.

मी रस्त्यावर मोटरसायकलजवळ होतो. वाघ मी पाहिला नाही. झाडाखाली काय घडले ते त्या दोघींनी सांगितले. मी त्यांना वेगवेगळे विचारले. जिथे सांगणे जुळले नाही तिथे तसे लिहिले आहे.

चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत आमचे सुई-दोऱ्याचे दुकान आहे. बटणे, लेस, रिळे, गोधडीचा जाड दोरा, क्रोशाच्या सुया. वडील गेल्यावर दुकान बहिणीने सांभाळले. मी तिला आपा म्हणतो, गल्लीही आपाच म्हणते. घरात आम्ही हिंदी बोलतो आणि गिऱ्हाइकांशी इकडची मराठी. आपा नागपूरला चित्रकला शिकली, परत आली आणि दुकानाच्या माडीवर दुपारचा क्रोशाचा क्लास सुरू केला. क्लासला येणाऱ्या बायका थाळपोश करतात, फ्रिजवरचे कव्हर करतात, दाराची तोरणे, नातवंडांच्या टोप्या. आपा त्याच सुईने आणि त्याच बायकांकडून दुसरे काही करून घेते, आणि ते मुंबई-पुण्याच्या कलादालनांत लागते.

एकदा तिने सगळ्यांकडून एकसारखे पांढरे रुमाल करून घेतले आणि शहरात ठिकठिकाणी गच्च्यांवरच्या दोऱ्यांवर टांगले. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ते काढले नाहीत. कोळशाच्या धुळीने काही राखाडी झाले, काही काळे. ते तसेच भिंतीवर ओळीने लावून प्रत्येकाखाली फक्त त्या वस्तीचे नाव लिहिले. प्रदर्शनाचा फोटो माडीवर दाखवला तेव्हा क्लासमधल्या सगळ्यांत वयस्कर बाई, ज्यांना आम्ही खाला म्हणतो, चष्मा वर करून म्हणाल्या, "इतनी मेहनत का काम, और टांगने से पहले धो के बी नई टांगा?"

खालांचा हात घट्ट. त्यांच्या टाक्यात दुसऱ्याची सुई शिरत नसे, आणि शेवटची गाठ तर अशी की चूक निघाली तर कापूनच काढावी लागे. बाकीच्या म्हणत, खाला, ही गाठ आहे की लग्न? खाला म्हणत, "लगन तो खुल जाता है बेटा."

मोहाच्या झाडाची मालकीण आमच्या दुकानात आली ती गोधडीचा दोरा घ्यायला. चंद्रपूरला लेकीकडे आली होती. गावात तिला सगळे बाई म्हणतात. मीही इथे तेच म्हणतो. घरची थोडी धानाची शेती, आणि जंगलाच्या काठावर सासऱ्यापासून चालत आलेले मोहाचे एक झाड. तिकडे झाडे सरकारी जंगलात असली तरी कोणाचे झाड कोणते हे गावाला माहीत असते. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली टेकत नाही.

काउंटरवर एक थाळपोश पडला होता. बाईने तो उचलून उजेडात धरला.

"हे कायले लागते?"

"जेवणावर झाकाले," आपा म्हणाली.

"ह्या भोकातून तं माशी बी जाते, माशीची लेकरं बी जातात."

"दिसाले चांगलं दिसते म्हणून."

"मंग आमच्या मोहाखाली अंथरा एक. तिथी दिसाले काहीच चांगलं नाई."

दोघी हसल्या. मग आपाने विचारले आणि बाईने सांगितले. मोह पहाटे गळतो. उशीर केला तर चितळ आणि गुरे खाऊन जातात, म्हणून उजाडता उजाडता जावे लागते. फूल जमिनीवर पडते आणि एकेक वेचावे लागते. पाचोळ्यात दिसत नाही म्हणून पूर्वी झाडाखाली आग लावून जागा साफ करत. आता वनखाते आग लावू देत नाही. मग पाचोळा हाताने सारायचा आणि सगळी सकाळ कमरेत वाकून राहायचे.

"वाकून राह्यलं का मागं कोन आहे ते दिसत नाई," बाई म्हणाली. "आन् त्याले आपण माणूस दिसत नाई. खाली मुंडी, चितळ दिसतो. आमच्या गावची एक गेली ना अशीच. उभी असती तं नसती गेली."

त्या बातमीचे काम माझेच होते. मी एका दैनिकात जंगल आणि पोलीस हे दोन्ही विषय पाहतो. दर उन्हाळ्यात एक वाक्य लिहावे लागते: मोहफुले वेचत असताना दबा धरून बसलेल्या वाघाने हल्ला केला. गावाचे नाव बदलते, कंसातले वय बदलते. वाक्य बदलायचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. डेस्कवरून ते परत तसेच होऊन छापले जाते.

आपाने ठरवले ते असे. शहरात बायका बसून विणतात, जंगलात बायका वाकून वेचतात. बसणाऱ्यांनी एवढी मोठी चादर विणावी की ती मोहाखाली अंथरता येईल. फुले चादरीवर पडतील, चारी कोपरे उचलले की मधोमध गोळा होतील, आणि वेचणारीला वाकावे लागणार नाही. चादर आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या बायकांचे फोटो असे ते काम होणार होते. त्याला तिने नावही दिले होते: वाकायचं नाही. मुंबईच्या एका कलादालनाने जागा दिली होती.

"बजारात हिरवी जाळी भेटते, मॅडम," बाईने फोनवर सांगितले. "नायलॉनची. सरकारनंबी कोन्या गावाले वाटली म्हणतात."

"ती जाळी आहे. ही चादर आहे," आपा म्हणाली.

"आना मंग. झाड काई नाई म्हणत नाई."

हिवाळाभर चादर विणली गेली. जाड सुती दोरा, आमच्याच दुकानातला. प्रत्येकीने एक पट्टी केली, तिला येत असलेल्या नमुन्याची, म्हणजे थाळपोशाचीच फुले, पाने, जाळ्या. पट्ट्या एकमेकींना जोडल्या. प्रत्येक पट्टीचा शेवट पक्का बांधायचा, जंगलात काट्याकुट्यात उसवायला नको, हे आपाने पुन्हा पुन्हा सांगितले. शेवटची पट्टी आपाची स्वतःची. तिचा शेवटचा टाका मात्र तिने बांधला नाही, त्यात सेफ्टीपिन अडकवून ठेवली. चादर दर हंगामात वाढवायची होती.

मी नको म्हणालो होतो. आपा भाकरी करत होती. तिने तव्यावरून मान वर केली नाही.

"तू दरवर्षी एकच बातमी लिहितोस. मी एक चादर टाकते. तुझ्या बातमीनं कोणी उभं राहिलं का?"

"तू तिथे जाऊ नकोस. चादर पाठव."

"आणि फोटो? वाघ काढेल?"

म्हणून मी तिला मोटरसायकलवर नेऊ लागलो. वनरक्षकाला, ज्याला गावात गार्ड म्हणतात, बाईनेच चादर दाखवून आणली होती. त्याने एकच विचारले, आग लावणार नाही ना? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, टाका मंग, बिनधास्त टाका. लेखी काही झाले नाही.

पहिल्या सकाळी चादर अंथरली. काळ्या-तपकिरी पाचोळ्यावर ती पांढरी चादर रस्त्यावरूनही दिसत होती. फुले पडली. दोघींनी कोपरे उचलले. एकही फूल मध्ये घरंगळले नाही.

मोहाचे फूल मांसल असते, गोल, चिकट. विणीतली भोके नेमकी त्याच मापाची होती. प्रत्येक फूल अर्धे भोकात जाऊन बसले होते. नायलॉनच्या जाळीत भोके बारीक असतात आणि दोरा गुळगुळीत असतो. क्लासच्या बायकांनी आयुष्यभर पाहिले ते ताट आणि टेबल. मोहाचे फूल त्यांच्यापैकी कोणीही हातात धरलेले नव्हते, आपानेही नाही. भोक केवढे असावे हा प्रश्न माडीवर कधी निघालाच नाही. जितके भोक मोठे तितकी वीण नाजूक, एवढेच तिथे माहीत होते.

चादर झटकली तर फुले पाचोळ्यात जात होती. मग दोघी तिच्यावर बसल्या आणि एकेक फूल बोटाने भोकातून वर ढकलून काढू लागल्या.

आपाचा चेहरा उतरला. बाईचा नाही.

"जल्मात पयल्यांदा मोहाखाली टेकली मी," ती म्हणाली. "कंबर म्हणते, बाई, हे काऊन आदी नाई केलं?"

परत येताना मी आपाला म्हणालो की उभे राहण्यासाठी केलेल्या चादरीवर तुम्ही दोघी बसलात, आणि बसलेला माणूस वाकलेल्यापेक्षाही बुटका दिसतो. ती म्हणाली, माहीत आहे. पुढच्या हंगामात भोके भरून आणते. या हंगामात काय, हे मी विचारले. बाईला बसायला आवडते आहे, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही त्या बसल्या. तिसऱ्याही.

मोहाची झाडे एकमेकांपासून लांब असतात, मध्ये झुडपे. एका झाडाखालची बाई दुसरीला दिसत नाही. म्हणून एक जण हाक देते, "हूऽऽ", पुढच्या झाडाखालची उत्तर देते, मग तिच्या पुढची. हाक झाडाझाडाने फिरत जाते आणि परत येते. जिच्याकडून उत्तर येत नाही तिच्याकडे सगळ्या ओरडत जातात. बाईचे झाड नाल्याच्या बाजूचे, रांगेतले शेवटचे. तिचा आवाज जाड आहे. रस्त्यावर उभा राहून मी तो ऐकत असे. तो आला की पुढची हाक निघेपर्यंत मला काही करता येई, मोबाईल बघणे, चालणे. तो येईपर्यंत काही करता येत नसे.

त्या सकाळी हाक गावाच्या बाजूने निघाली. एकेका झाडाखालून पुढे गेली. शेवटून दुसऱ्या झाडाखालून उत्तर आले आणि हाक तिथेच थांबली.

मी थांबलो. पुन्हा हाक आली, या वेळी शेवटून दुसऱ्या झाडाखालच्या वेचणारीचीच, नाल्याच्या दिशेने. उत्तर नाही. एक कोतवाल पक्षी बोलत होता, तोही गप्प झाला. मला ओरडायचे होते. डोक्यात ते वाक्य सुरू झाले, मोहफुले वेचत असताना, आणि पुढे कंस आला, आणि कंसात आपाचे वय.

झाडाखाली त्या वेळी बाई आपल्या लेकीच्या सासरचे काही सांगत होती. आपा ऐकत होती. दोघींच्या ओंजळीत फुले होती. हाक दोघींनी ऐकली नाही, किंवा ऐकली आणि बोलणे संपल्यावर उत्तर देऊ म्हणून राहून गेले. यावर दोघींचे एकमत नाही.

चादर ओढली गेली. थोडीशी, बसलेल्या माणसाखालची सतरंजी कोणी सारखी करावी तशी. आपाला वाटले बाईने ओढली. बाईला वाटले आपाने. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. दोघींचे हात फुलांनी भरलेले होते.

मग दोघींनी मागे पाहिले.

वाघ चादरीच्या नाल्याकडच्या कडेवर उभा होता. बाई म्हणते तो गुरगुरला. आपा म्हणते काहीही आवाज नव्हता. बाई म्हणते तो कडेवरच होता, आपा म्हणते चादरीच्या मध्यापर्यंत आला होता. त्याने पुढचा उजवा पाय उचलला आणि चादर पायाबरोबर वर आली, यावर दोघींचे एकमत आहे. त्याने पाय झटकला. चादर आणखी वर आली, तंबूसारखी, आणि आतली फुले आपाच्या अंगावर सांडली. त्याने पंजाकडे पाहिले. आपा म्हणते, पंजाकडे पाहायला त्याने मान खाली घातली तेव्हा त्याचे कान दिसले, कानांमागचे पांढरे ठिपके, आणि ती उठू शकली नाही.

बाई उठली. टोपली डोक्यावर दोन्ही हातांनी उंच धरली आणि ओरडली. हाकेला द्यायचे उत्तरच ती ओरडली, "हूऽऽ", पण थांबेचना. तो आवाज रस्त्यावर आला. तो उत्तरासारखा नव्हता. सगळ्या झाडांखालून बायका एकदम ओरडू लागल्या आणि ओरडणे नाल्याच्या दिशेने सरकू लागले. मीही धावलो. किती धावलो ते आठवत नाही. धावताना मी ओरडत होतो असे एका बाईने नंतर सांगितले.

वाघ वळला. चादर आपाच्या खालून सरकत निघाली, आपा कुशीवर पडली. चादर पाचोळ्यावरून, मग रायमुनियाच्या झुडपांवरून घासत गेली आणि दिसेनाशी झाली. झुडपे हलत असलेली मी पाहिली. तेवढेच मी पाहिले.

बायका आपाला आणि बाईला मधे घेऊन रस्त्यावर आल्या. आपाच्या एका पायात चप्पल नव्हती. बाईच्या हातात रिकामी टोपली होती.

"तुमच्या बहिणीले पानी द्या," ती मला म्हणाली. मग टोपलीकडे बघून, "आन् माह्यी मोहं सांडली सारी. ते आता कोन वेचन?"

दोघींच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

गार्ड आला. पंजाचे ठसे पाहिले, जिथे चादर अंथरली होती तिथे पाचोळा दाबला गेला होता तो पाहिला. पंचनामा लिहायला बसला आणि थांबला.

"मॅडम, याले काय लिहू? जाळं लिहिलं तं फासे लावले म्हणतील. तुमी बी आत, मी बी आत."

"चादर लिहा," आपा म्हणाली. वाघ गेल्यानंतरचे तिचे पहिले शब्द.

"वाघाच्या पायात चादर? साहेब मले वेडा म्हणतील."

त्याने चादरच लिहिले. मग म्हणाला, "नीट गेला असंल तं ठीक. पायात अडकून ऱ्हायली तं..." आणि बाईकडे बघून त्याने वाक्य सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडे चादर सापडली. ती वनखात्याच्या रेंज ऑफिसच्या अंगणात पसरण्यात आली. मळलेली, फाटलेली, मोहाचा वास येत असलेली. नाल्याकडच्या बाजूचा कोपरा नव्हता. अधिकाऱ्यांनी आपाला बोलावले होते. प्रश्न एकच होता: जे नाही ते केवढे आहे, आणि वाघाच्या पायातून ते आपोआप निघेल का.

आपा चादरीभोवती फिरली. मग तिने सेफ्टीपिन लावलेला कोपरा शोधला. तो जागेवर होता. तिने पिन काढली आणि दोरा ओढला. ओळीमागून ओळ सरसर उसवली, आणि अंगणात वेड्यावाकड्या दोऱ्याचा ढीग झाला.

"क्रोशा जिथे संपतो तिथून असा उसवतो," ती म्हणाली. "शेवट मोकळा असेल तर. वाघाने हा कोपरा नेला असता तर चालता चालता सगळा उसवून गळून पडला असता."

"आणि दुसरा?"

"सुरुवातीच्या बाजूने ओढलं की आवळतं. आणि शेवटी गाठ असेल तर कुठूनच उसवत नाही."

गेलेली पट्टी कोणाची हे तिला शेजारच्या पट्ट्यांवरून कळत होते, पण तिने पुन्हा एकदा ओळीने सगळ्या पाहिल्या. हातावरून तिला पट्टी ओळखता येते, सैल कोण, घट्ट कोण. शेवटी ती फाटक्या कडेपाशी बसली. तिथे उरलेल्या टाक्यांत तिने नख घालून पाहिले. नख आत गेले नाही.

"ही खालांची आहे," ती मला हिंदीत म्हणाली. अधिकाऱ्यांना तिने फक्त सांगितले, "गाठ सुटणार नाही."

"तुटेल?"

"सुती आहे. कुजेल. पावसाळ्यात."

तेव्हा चैत्रही लागायचा होता.

अधिकारी आवाज न चढवता बोलले. पायात दोरा आवळला तर सूज येते, मग जखम, मग लंगडणे. लंगड्या वाघाला चितळ पकडता येत नाही. गुन्हा नोंदवायचा की नाही ते वाघ दिसल्यावर ठरेल, तोवर चादर जप्त. नाल्याच्या बाजूला कॅमेरे लावतो. नाल्याजवळच्या झाडांखाली कोणी जाऊ नये असे गावात सांगतो.

नाल्याजवळचे झाड बाईचे होते.

माडीवर आपाने क्लासला सगळे सांगितले. खाला सुई थांबवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तूने ही बोली थी, पक्की बांधो. मैं तो पक्कीच बांधती." कोणी हसले नाही. त्या दिवशी क्लास लवकर सुटला.

मुंबईहून कलादालनाचा फोन आला. चादर आहे तशी हवी होती, न धुता, फाटलेली बाजू वर. तिथल्या मॅडम फार उत्साहात होत्या. आपाने सांगितले की चादर वनखात्याच्या ताब्यात आहे. प्रसंगाचा एखादा फोटो असेलच ना, त्यांनी विचारले. आपाने फोन ठेवला.

बाई झाडाखाली गेली. गार्डने सांगितल्याच्या दुसऱ्याच सकाळी. आपाने फोन करून जाऊ नको म्हटले.

"मोह काई माह्यासाठी झाडावर थांबून राह्यते का? आन् मी नाई गेली तं साऱ्या गावाले वाटन, झाड सोडलं. मंग कोनीबी येऊन बसन."

"वाघाच्या पायात दोरा आहे, बाई. तो तिथेच फिरत असेल."

"माहीत आहे नं मले. म्हणून तं तुमाले फोन नाई केला."

त्या सकाळपासून आपा रोज जाऊ लागली. मी तिला मोटरसायकलवर नेत होतो. चादर नव्हती. बाई पूर्वीसारखी वाकून वेचत होती. आपा तिच्या मागे, तिच्याकडे पाठ करून, नाल्याकडे तोंड करून उभी राहत होती. हातात काठी आणि स्टीलचे ताट. ती बसत नव्हती आणि बोलत नव्हती. बाई बोलली तरी ती उत्तर देत नव्हती. हाक आली की ताट वाजवून उत्तर तीच देत होती. तिचा आवाज पातळ आहे. रस्त्यापर्यंत तो कधी येई, कधी नुसते ताट येई.

रायमुनिया हलली की मी मोटरसायकलचा हॉर्न दाबत असे. बहुतेक वेळा वारा असे. एकदा रानडुक्कर निघाले. आपाने त्यानंतर घरी येऊन मोरीत उलटी केली आणि दुकान उघडले.

मी तिला विचारले, किती दिवस?

"मोह संपेपर्यंत."

"तू तिथे उभी राहून काय होणार आहे?"

"गाठ माझ्या सांगण्यावरून बांधली," ती म्हणाली.

कॅमेऱ्यांतले फोटो गार्डने मोबाईलवर दाखवले. दोन होते. पहिला काळा-पांढरा, वाघ वाटेने चालत येताना. पुढच्या उजव्या पायाला पंजाच्या वर पांढरे काही होते. पट्टी होती की उजेडाचा डाग, हे आपाने फोटो मोठा करून करून पाहिले. मोठा केल्यावर तिथे फक्त चौकोन दिसत होते.

"चाल कशी वाटते?" तिने विचारले.

"फोटूत चाल कशी दिसन, मॅडम?" गार्ड म्हणाला.

दुसरा फोटो दिवसाचा, पाणवठ्यावरचा. वाघ पाणी पीत होता. पुढचे दोन्ही पाय पाण्यात होते.

त्यानंतर तो वाघ त्या कॅमेऱ्यांत आला नाही. गुन्हा नोंदवला गेला नाही, आणि चादर परत मिळाली नाही. मोहाचा हंगाम संपला त्या सकाळी बाईच्या टोपलीचा तळही झाकला नव्हता. ती आणि आपा चालत रस्त्यावर आल्या. बाईने आपाला विचारले की आता तरी बसाल का, आणि आपा रस्त्याच्या कडेला खाली बसली.

वैशाखात तेंदूपत्त्याची तोड सुरू झाली. त्यासाठी झाडांच्या रांगेपलीकडे, नाल्याच्या पुढे आत जावे लागते, आणि पाने कमरेइतक्या झुडपांवरून खुडावी लागतात. बाई पहिल्या दिवशी गेली. आपा तिच्याबरोबर गेली. त्या दिवशी दोघी परत आल्या.